दिवसाला एकच धोका

टूरच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. ते सामानासारखे असतात. जाताना एक बॅग असते, येताना तीन होतात, आणि घरी येऊन उघडल्यावर कळतं की त्यातली एक आपली नाहीच.

माझा मोठा भाऊ विलास. मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूला त्याचा छोटा गाळा होता. तिथून तो आपल्या मराठी मंडळींचे ग्रुप अंदमानला न्यायचा, दिवाळीत आणि मे महिन्यात. मी आठवीत शाळा सोडली आणि त्यानंतर कुठल्याच नोकरीत टिकलो नाही. कोणी काही बोललं की माझा हात आधी उठतो, डोकं मागून येतं. शेवटी दादानेच मला टूरवर घेतलं. सामान उचलायचं आणि चहा द्यायचा, एवढंच माझं काम.

या एप्रिलमध्ये दादा गेला. अडतीस वर्षांचा होता. सकाळी बेसिनसमोर दाढी करताना खाली बसला तो उठलाच नाही. अर्धी दाढी व्हायची राहिली होती.

मग लोक भेटायला यायला लागले. यायचे, गप्प बसायचे, पाणी प्यायचे, आणि मग हळूच, "तुला सांगतो, एकदा विलासने काय केलं..." असं सुरू व्हायचं. आमच्या बाहेरच्या खोलीत त्या दिवसांत जेवढं हसणं झालं तेवढं दादाच्या लग्नातही झालं नसेल. सगळ्यात जास्त मी हसायचो. आतल्या खोलीत वहिनी असायची आणि दार उघडंच असायचं.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि म्हणाले, "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुम्ही निवांत बसा. तुम्हाला काही घाई नाही."

सगळे हसले. सेक्रेटरीसुद्धा हसले बिचारे. मग एकदम सगळे गप्प झाले, कारण आतल्या दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ते सेक्रेटरी जिन्यात भेटले की मी अजूनही भिंतीकडे तोंड करून उतरतो.

*

दादाचा स्वभाव घाबरट होता. ते तो स्वतःच सांगायचा. टूर घेऊन जाणारा बाकीचा कोणीही माणूस "एन्जॉय करा" म्हणतो. दादा म्हणायचा, "आधी परत या, मग एन्जॉय करा."

त्यामुळे अंदमानला निघायच्या आधीच्या रविवारी पूर्ण ग्रुपला आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगच्या गच्चीवर यावं लागायचं. तिथे लग्नात भांडी घासायला असतो तसला मोठा टब पाण्याने भरून ठेवलेला असायचा. स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी धरायची, डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा लावायचा आणि समुद्रावर पालथं पडून खालचे मासे, कोरल बघायचे. त्याची प्रॅक्टिस दादा टबात घ्यायचा. एकेकाने पुढे यायचं, गुडघे टेकायचे, तोंड पाण्यात घालायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. घाबरून उठला की परत रांगेत.

मागच्या दिवाळीच्या ग्रुपमध्ये जोशीकाका होते. रिटायर्ड माणूस, प्रत्येक गोष्टीत शंका. त्यांनी नळी दातांत घट्ट धरली, तोंड बुडवलं, मोठ्या ऐटीत श्वास घेतला आणि उठताना नळी ओढून काढली. नळीबरोबर वरची कवळी बाहेर आली.

शेजारच्या गुजराती बेन गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मघापासून सगळं बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "विलासभाई, आ शुं करो छो?"

"समुद्रात जायची तयारी, बेन."

बेनने टबाकडे बघितलं, रांगेत उभ्या असलेल्या साड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तो पहले बोरिवली का स्विमिंग पूल करो ना. सीधा समंदर?"

दादाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पूल खोल असतो, बेन."

मला तेव्हा गच्चीवरून उडी मारावीशी वाटली होती. अख्खी बिल्डिंग खिडक्यांतून बघत होती.

*

दादाचा दुसरा नियम जोडीचा. पाण्याजवळ जाताना प्रत्येकाला एक जोडीदार. त्याने तुमच्यावर लक्ष ठेवायचं, तुम्ही त्याच्यावर. पण नवराबायकोची जोडी दादा कधीच लावायचा नाही. म्हणायचा, "घरच्या माणसाकडे कोणी बघत नाही. परक्याकडे सगळे बघतात."

त्याच ग्रुपमध्ये नया नगरचा इम्रान आणि त्याची बायको शबाना होती. नवीन लग्न. दोघंही आमच्यासारखेच मूळचे रत्नागिरीचे, म्हणून दादाशी जास्त ओळख. दादाने शबानाची जोडी एका शाळेच्या बाईंशी लावली आणि इम्रानची सावंतकाकूंशी.

सावंतकाकूंबद्दल सांगायला हवं. वय साठच्या वर, आवाज ग्राउंडवरच्या माइकसारखा. त्या दादाबरोबर अंदमानला दुसऱ्यांदा आल्या होत्या. समुद्राची आवड वगैरे काही नाही. "इथे आठ दिवस मला कोणी जेवायला काय करू विचारत नाही," हे त्यांचं कारण.

काकूंनी जोडीचं काम मनावर घेतलं. पाण्यात इम्रानचा हात सोडला नाही, बोटीत सोडला नाही, जेट्टीवर तर नाहीच नाही. शबाना दुसऱ्या टोकाला शाळेच्या बाईंबरोबर शिंपले बघत होती.

परत आल्यावर फोटो धुऊन आले. आठवड्याभराने इम्रानच्या आईचा दादाला फोन.

"विलासभाऊ, आम्ही शबानाला धाडली होती ना?"

"हो मावशी. का?"

"मग फोटोत इम्रानने जिचा हात धरलाय ती कोण?"

*

तिसरा नियम म्हणजे दिवसाला एकच धोका. हा दादाने स्वतः काढलेला. पूर्ण टूरचा प्लॅन तो त्याच्यावर बसवायचा. ज्या दिवशी मोठ्या बोटीचा प्रवास, त्या दिवशी पोहणं नाही. ज्या दिवशी स्नॉर्केलिंग, त्या दिवशी डोंगर चढणं नाही. लोक म्हणायचे, वेळ फुकट जातो. दादा म्हणायचा, "एका दिवसात दोन गोष्टी बिघडल्या तर मी एकटा आहे."

जोशीकाका फक्त कोरल बघायला आले होते. घरी टीव्हीवर बघितलं होतं म्हणे, पाण्याखालची बाग. गच्चीवर कवळी निसटली तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी एकट्याने येऊन प्रॅक्टिस पूर्ण केली होती. स्नॉर्केलिंगचा दिवस उजाडला. हॅवलॉक बेटाच्या जेट्टीवर आम्ही बोटीची वाट बघत होतो. तेवढ्यात काका टपरीवर गेले आणि एक मोठा खेकडा खाऊन आले. मसाल्याचा. बोटं चाटत आले.

दादाने विचारलं, "काका, आयुष्यात आधी कधी खेकडा खाल्लाय?"

"नाही रे. आज पहिल्यांदा. म्हटलं, आलोय तर."

दादाने त्यांच्या अंगावरचं लाइफ जॅकेट काढून घेतलं.

"अरे, हे काय?"

"तुमचा आजचा धोका खाऊन झाला, काका."

*

त्याच दिवसाचा पुढचा किस्सा. दादाकडे हजेरीची एक पद्धत होती. वाळूत तो काठीने रेघ मारायचा. पाण्यात जाणाऱ्याने चपला त्या रेघेवर काढायच्या, बाहेर आला की घालायच्या. रेघेवर चपला राहिल्या म्हणजे कोणीतरी अजून आत आहे. नावं पुकारायची गरज नाही.

काका पाण्यात गेले नव्हते. पण सगळ्यांनी चपला काढल्या म्हणून त्यांनीही काढल्या आणि रुसून अनवाणीच झाडांकडे निघून गेले. मी चहाच्या पिंपाशी होतो, मला पत्ताच नाही.

सगळे बाहेर आले. चपला उचलल्या गेल्या. एक जोड राहिला.

दादाने शिट्टी वाजवली. परत वाजवली. मग काहीही न बोलता, शर्टपँटसकट, खिशात मोबाइल तसाच ठेवून, तो पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती. आणि मग एक लाट आली आणि दादा दिसेना.

दादाला पोहता येत नव्हतं. हे तोपर्यंत मला आणि वहिनीलाच माहीत होतं. रत्नागिरीचा म्हटल्यावर लोक धरूनच चालायचे की याला पोहता येणारच. आमचं गाव घाटाला लागून आहे, तिथे विहिरीलाही पाणी नसतं.

बोटवाला बिपुल. तिथलाच बंगाली माणूस. त्याने उडी मारली आणि दादाला कॉलर धरून ओढत आणला. दादा वाळूवर पालथा पडून खोकत होता. अख्खा ग्रुप भोवती जमला होता. मागून एक हात गर्दी बाजूला करत पुढे आला. त्यात शहाळं होतं. जोशीकाका स्ट्रॉ तोंडातून काढून म्हणाले, "कोण बुडालं हो?"

त्यानंतर बिपुल आणि दादा पक्के मित्र झाले. बिपुल त्याला विलासदा म्हणायचा. "ये आदमी पागल है," असं तो मला म्हणाला, "तैरना नहीं आता और बचाने जाता है." हे तो कौतुकाने म्हणाला. मी मात्र तेव्हा चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने लांब निघून गेलो. ग्रुपसमोर ओला, खोकणारा, एक बूट हरवलेला माझा भाऊ. मला तिथे उभं राहवेना.

*

मे महिन्याचं बुकिंग दादाने फेब्रुवारीतच घेऊन ठेवलं होतं. विमानाची तिकिटं, हॉटेल, सगळं. तेरावं झालं आणि लोक एकेक करून यायला लागले. कसं विचारावं त्यांना कळत नव्हतं. सावंतकाकू होत्या, तिसऱ्यांदा निघालेल्या. जोशीकाका होते, कोरल राहिलं म्हणून परत निघालेले. लहान मुलं असलेली दोन कुटुंबं होती. सगळे सोफ्यावर ओळीने बसले आणि पंख्याकडे बघत राहिले.

वहिनी आतून आली. म्हणाली, "टूर जाणार. हा नेईल."

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा दारात उभा राहून बिस्किटाचा पुडा दातांनी फोडत होतो.

जोशीकाका म्हणाले, "हा?"

वहिनी म्हणाली, "हाच उरलाय."

*

रविवारी गच्चीवर टब भरला. दादाची शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि त्याचा टूरचा टीशर्ट अंगात होता, खांद्यावरून घसरणारा. शिट्टी तोंडात धरली तर तिला लवंगेचा वास येत होता. दादा सारखी लवंग चघळायचा. मला फुंकताच येईना. मुलं हसायला लागली. मग मी सगळा जोर लावून एकदाच अशी फुंकली की खालचा वॉचमन काठी घेऊन चार मजले चढून आला.

"किधर है? किधर है चोर?"

सावंतकाकू म्हणाल्या, "चोर नाही रे बाबा. आमचे नवीन साहेब आहेत."

कोणी मुद्दाम लागेल असं बोललं नव्हतं. तरी कान तापले. मी टबाला लाथ मारली, सगळं पाणी गच्चीभर झालं आणि बेनचे पापड भिजले. मग जोशीकाका, काकू, दोन्ही कुटुंबं, सगळ्यांनी मिळून पापड उचलले. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

*

पोर्ट ब्लेअरला उतरलो. बाहेर नेहमीचा ड्रायव्हर गाडी घेऊन उभा. त्याने लांबूनच हात केला, आमच्या मागे बघितलं आणि विचारलं, "विलासभाई किधर?"

मी सांगणारच होतो. घरी, बिल्डिंगमध्ये, स्मशानात, मी ते शंभर लोकांना सांगितलं होतं. पण मराठीत. हिंदीत मी तो शब्द अजून एकदाही बोललो नव्हतो. तो तोंडात आला आणि अडकला.

"घर पे है," मी म्हणालो. "तबियत ठीक नहीं."

मागे अख्खा ग्रुप बॅगा घेऊन उभा होता. सगळ्यांनी ऐकलं. सगळे बॅगा उचलून गाडीत टाकायला लागले. गाडीत बसल्यावर मी खिडकीला डोकं लावून डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखं.

मला वाटलं, एक ड्रायव्हर झाला, संपलं. पण दादाला तिथे सगळे ओळखत होते. हॉटेलच्या मॅनेजरने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सावंतकाकू म्हणाल्या, "बीपी है उसको. डॉक्टर ने समंदर बंद किया." जेट्टीवर शहाळंवाल्याने विचारलं, तर जोशीकाकांनी दादाला मूतखडा करून टाकला. ग्रुपमधल्या एका शाळकरी मुलाने आइस्क्रीमवाल्याला सांगितलं की विलासकाकांना कांजिण्या झाल्यात.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर काकूंनी ताटावर चमचा आपटला. "हे बघा, बेट एवढंसं आहे. ही माणसं एकमेकांत बोलतात. आपण सगळ्यांनी एकच काय ते सांगू."

मी ताटात बघत होतो. मला म्हणायचं होतं, नका करू, मी सांगतो खरं. पण तोपर्यंत चर्चा सुरू झाली होती. हार्टचं काही नको, असं सगळ्यांचं मत पडलं. मूतखडा नको, काका म्हणाले, कारण त्यात माणूस आठवड्यात बरा होतो. शेवटी ठरलं की दादा जिन्यावरून पडला आणि त्याच्या पायाला प्लास्टर आहे.

"उजवा की डावा?" मुलांच्या वडिलांनी विचारलं.

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. मग काकू म्हणाल्या, "डावा. उजव्याला त्रास नको त्याच्या."

दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला बिपुल भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी एक बाटली आणून दिली. नारळाचं तेल, त्यात कसलीतरी मुळी उकळलेली. "प्लास्टर निकलने के बाद विलासदा को लगाना. मेरी माँ ने बनाया है."

मी बाटली घेतली. हात पुढे करून घेतली, थँक्यू म्हणालो. एवढी लाज मला पोलिसांनी एकदा चौकीत बसवलं होतं तेव्हाही वाटली नव्हती.

*

स्नॉर्केलिंगचा दिवस शेवटचा होता. प्लॅन दादाचाच, आधीपासून लिहिलेला. सकाळी वारा सुटला होता. पाणी रोजच्यासारखं निळं नव्हतं, करडं होतं. जेट्टीला बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटत होत्या. पण पाऊस नव्हता, आणि बाकीच्या एकदोन बोटी गेलेल्याही दिसत होत्या.

मी बिपुलला विचारलं. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "जा सकते हैं. थोड़ा उछलेगा."

ग्रुप तयार होता. लहान मुलांनी जॅकेट घातली होती. जोशीकाकांनी तर हॉटेलमधूनच घालून आणलं होतं, आणि त्या दिवशी सकाळपासून चहाशिवाय काहीही तोंडात घातलं नव्हतं.

मला समुद्रातलं काही कळत नाही. मला बॅगा कळतात. पण मी परत त्या आपटणाऱ्या बोटींकडे बघितलं आणि म्हणालो, "आज नको."

"का?" काका म्हणाले.

"नको म्हणून नको."

"सुनील, मी सत्तर वर्षांचा आहे. दोनदा आलो एवढ्या लांब. तिसऱ्यांदा कोण आणणार मला? बोटवाला जाऊ म्हणतोय. तुला त्यातलं कळतंय काही, की उगाच?"

"नाही कळत," मी ओरडलो. "नाही कळत मला. काय करू?"

जेट्टीवरचे सगळे वळून बघायला लागले. ग्रुपमधली एक छोटी मुलगी आईच्या मागे गेली. काका चिडले नाहीत, हे जास्त वाईट. ते जॅकेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. हो म्हणालो असतो तर सगळे बोटीत बसले असते, आणि नाही म्हणालो तर कोणाला पटत नव्हतं. आणि हो म्हणा की नाही, आवाज माझाच, दादाचा नाही.

बिपुल मधे पडला. त्याला आमचं भांडण मिटवायचं होतं. तो हसून म्हणाला, "अरे, विलासदा से पूछ लो ना. पाँव टूटा है, कान थोड़ी टूटा है."

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. कोणी वाळूकडे, कोणी बोटीकडे. सावंतकाकू पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलल्या, "आत्ता झोपला असेल तो."

"सुबह के दस बजे?" बिपुल म्हणाला. "चलो, मैं भी बात करूँगा."

माझा मोबाइल तिथे लागत नव्हता. एसटीडी बूथ जेट्टीच्या तोंडाशीच होता. बिपुलने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला नेलं. मागून सगळे आले. बूथचं दार लागत नव्हतं एवढी माणसं उभी राहिली. मला दुसरा कुठला नंबर लावायला सुचलं नाही. दादाचाच लावला. तो मोबाइल वहिनीकडे असतो, बुकिंगचे फोन येतात म्हणून.

बेल वाजत होती. तिने उचलू नये असं मला वाटत होतं.

"हॅलो," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी सुनील."

"काय रे? सगळे बरे आहेत ना?"

बिपुल माझ्या कानाजवळ वाकून ऐकत होता. मी मराठीत बोलणार होतो, पण दादा हा शब्द त्याच्या भाषेतही दादाच.

"बरे आहेत. वहिनी, जरा दादाला विचार ना. इथे वारा सुटलाय. पाणी खराब दिसतंय. बोटवाला म्हणतो जाऊ शकतो. मला काही कळत नाहीये. दादाला विचार, काय करू."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मीटरवरचे लाल आकडे पळत होते. मला वाटलं, फोन कट झाला. मग वाटलं, ती आता रडेल. मग वाटलं, विचारेल, सुनील, तू पिऊन आलायस का. जोशीकाका जॅकेट घालून दारात उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते.

"थांब," वहिनी म्हणाली. "ह्यांना विचारते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. तिची पावलं आत गेली. बराच वेळ आतच होती. मग परत आली.

"हे नको म्हणतायत," ती म्हणाली. "आणि विचारतायत, तू जेवलास का."